प्लग गेज मागणारा मुलगा

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या गेटवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ अशी पाटी लागली की बायोडेटांचा गठ्ठा जमायला वेळ लागत नाही. लातूर, नांदेड, बीडची मुलं, बिहारची मुलं. माणसं मिळत नाहीत असं आम्ही मालक मंडळी म्हणतो, पण माणसं येतात. त्यांतला कामाचा माणूस ओळखणं हे अवघड आहे.

कागदावर सगळे ऑपरेटरच असतात. कुणी ऑफसेट देऊन, टूल बदलून, जॉब सेट करून मशीन चालवलेलं असतं. कुणी वर्षानुवर्षं फक्त जॉब लावून सायकल स्टार्टचं बटण दाबलेलं असतं, कारण त्याच्या कंपनीत सेटिंगला हात लावायची परवानगीच नव्हती. त्याला दोष कसा देणार?

म्हणून मी केबिनमधली मुलाखत आवरती घेतो. तिथे बोलका मुलगा पुढे जातो आणि हाताने हुशार असलेला मान खाली घालून बसतो. तोच मशीनपाशी नेला की मोकळा होतो. तिथे मी त्याच्या हातात एक बुश देतो आणि ड्रॉइंग देतो. बोअर २५ एच७. म्हणजे माप पंचवीस मिलिमीटरच्या खाली जायचं नाही आणि वर फार तर २१ मायक्रॉन. टेबलावर व्हर्निअर तेवढा ठेवलेला असतो, ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे २० मायक्रॉनचा. बहुतेक जण मोजतात आणि ‘पंचवीस, ओके’ म्हणतात. एखादा थबकतो, ड्रॉइंग पुन्हा बघतो आणि विचारतो, “साहेब, प्लग गेज आहे का? ह्याने नाही कळणार.” मला तो हवा असतो. प्रोग्रॅमिंग त्याला येत नसेल तर शिकवता येतं. पण हातातल्या साधनाने काय कळत नाही हे ज्याला कळतं, त्याच्या हातून शंभर जॉब बिघडेपर्यंत मशीन चालत राहत नाही.

असा मुलगा टिकवणं ही पुढची गोष्ट. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत बस आहे, कॅन्टीन आहे, पगारही जास्त. खोलीचं भाडं भरून गावी पैसे पाठवणारा मुलगा तिकडे गेला तर मला राग येत नाही. राग येतो तो गोष्टी लपवून माणूस घेणाऱ्यांचा. रात्रपाळी किती, ओव्हरटाइमचा दर काय, पीएफ कधीपासून, हे पहिल्याच भेटीत लिहून द्यावं. त्यावर काहीजण नाही म्हणून निघून जातात. ते तेव्हाच गेलेले बरे.

शिकाऊ उमेदवारही मी घेतो. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला ते सक्तीचं आहे, आमच्यासारख्या लहानांना ऐच्छिक. आमचे जुने सेटर म्हणतात, “आपण शिकवायचं आणि चाकणला पाठवायचं!” खरं आहे. पण प्लग गेज मागणारा तो मुलगाही कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये शिकूनच आमच्याकडे आलेला असतो. तिथल्या कुठल्या तरी सेटरने त्याच्यासाठी वेळ घालवलेला असतो. म्हणून आमच्याकडे नवीन मुलाला पहिले काही दिवस मशीनच्या बटणाला हात लावू देत नाही. त्याने मोजायचं, ड्रॉइंग वाचायचं आणि चांगले-वाईट जॉब वेगळे करून का वेगळे केले ते सेटरला सांगायचं. त्या दिवसांत उत्पादन थोडं कमी निघतं, आणि तेवढं मी ऑर्डरची तारीख देतानाच धरून ठेवतो.