कारण न विचारणारं

दिसायला ते अगदी साधं आहे. खेळाडूचं नाव, कॉलेज, खेळ, फोन आणि ईमेल, नोंद झाल्याची तारीख, आणि एक रकाना स्थितीचा. त्या रकान्यात तीनच गोष्टी येतात: नाव चालू आहे, खेळाडूने माघार घेतली, किंवा तो दुसरीकडे दाखल झाला. कुणाचं आधीच ठरलेलं असेल तर 'संपर्क साधू नये' अशी खूणही नावापुढे करता येते. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने १५ ऑक्टोबर २०१८ रोजी ते सुरू केलं. त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टल. कॉलेजांच्या क्रीडा विभागातली ठरावीक माणसंच त्यात लॉगिन करू शकतात. ज्याचं नाव आत आहे, त्या मुलाला किंवा मुलीला ते उघडून पाहता येत नाही.

स्वभावाने ते अबोल. कॉलेज बदलायचं आहे असं खेळाडूने लेखी कळवलं की कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव चढवणं कॉलेजला भाग असतं. मग दुसऱ्या कॉलेजांचे कोच त्याला उघडपणे फोन करू शकतात. का जायचंय, हे पोर्टल विचारत नाही. आई आजारी आहे म्हणून घराजवळ यायचंय, कोचशी बिनसलंय, खेळायलाच मिळत नाही, की दुसरीकडे पैसे जास्त मिळतायत, यासाठी त्यात रकानाच नाही. मला त्याचा हाच गुण सगळ्यांत मोठा वाटतो, कारण त्याच्या आधीची व्यवस्था फार चौकशा करायची.

तेव्हा आधी कोचची आणि कॉलेजची परवानगी लागायची. परवानगी नसेल तर दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं नाही, आणि परवानगीशिवाय गेलात तर तिथे पहिलं वर्षभर शिष्यवृत्ती नाही. कुठे जायचं नाही, याच्या याद्या कोच काढत. २०१७ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या एका फुटबॉलपटूने ३५ कॉलेजांची नावं दिली होती. एकाही नावाला होकार मिळाला नाही. त्याने ते जाहीरपणे सांगितलं, बराच गदारोळ झाला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. जे असं बोलले नाहीत, त्यांचं काय झालं असेल?

परवानगी मिळाली तरी फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल अशा काही खेळांत नव्या कॉलेजात एक हंगाम बाहेर बसावं लागे. बेकर मेफिल्डचं उदाहरण कुणीही विसरू नये. टेक्सस टेकमध्ये तो शिष्यवृत्तीशिवाय खेळत होता, म्हणजे कॉलेजने त्याच्यावर एक डॉलरची शिष्यवृत्ती लावलेली नव्हती. तरीही २०१४ मध्ये तो ओक्लाहोमाला गेला तेव्हा त्याला तो अख्खा हंगाम बाहेर बसवलं, आणि खेळायच्या मोजक्या वर्षांतून ते वजाही केलं. नियम बदलून ते वर्ष परत मिळायला २०१६ उजाडलं. परत मिळालेल्या त्याच वर्षात, २०१७ च्या हंगामात, त्याने हाइझमन ट्रॉफी जिंकली. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा वैयक्तिक मान. नियम तसाच राहिला असता तर हा हंगाम त्याच्या वाट्याला आलाच नसता.

कोचांना असं कधी बसावं लागलं नाही. लिंकन रायली २७ नोव्हेंबर २०२१ ला ओक्लाहोमाचा संघ घेऊन मैदानात होता. दुसऱ्या दिवशी तो कॅलिफोर्नियातल्या यूएससीचा झाला. ओक्लाहोमाचा हंगाम अजून संपला नव्हता, एक सामना बाकी होता. त्याच्यावर विश्वास टाकून आलेली मुलं जागच्या जागी राहिली. पण एव्हाना पोर्टल होतं, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एनसीएएने एका बदलीपुरती बाहेर बसण्याची अट सगळ्या खेळांतून काढली होती. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक केलब विल्यम्स पोर्टलमधून गेला, पुढच्याच हंगामात यूएससीकडून खेळला आणि २०२२ ची हाइझमन घेऊन आला. कोचने जी वाट घेतली तीच विद्यार्थ्याने घेतली. यात बेइमानी कुठे आली?

'आजकालच्या मुलांना टिकून राहायला नको' असं म्हणणाऱ्यांना जेलन हर्ट्स आठवावा. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात अलाबामाने त्याला मध्यंतरात बसवलं आणि त्याच्या जागी आलेल्या मुलाने सामना जिंकून दिला. हर्ट्स रुसून गेला नाही. तो आणखी एक हंगाम राखीव राहिला, संधी मिळाली तेव्हा बाकावरून उठून संघाला विजेतेपद मिळवून दिलं, पदवी पूर्ण केली आणि मगच, जानेवारी २०१९ मध्ये, त्याचं नाव पोर्टलमध्ये आलं. पोर्टल तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. निष्ठा आणि जाण्याचा हक्क एकाच माणसात नांदू शकतात, हे त्याने दाखवून दिलं.

एकाच बदलीची मर्यादाही पुढे टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह सात राज्यं कोर्टात गेली, वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायाधीशांनी दुसऱ्यांदा बदली करणाऱ्याला बाहेर बसवायला मनाई केली, आणि २०२४ मध्ये एनसीएएने किती वेळा जायचं याची मोजदादच सोडली. अभ्यासात पास असलं की झालं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे दार अजून संघटनेच्या हाती आहे. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जायचं ठरवलं, तेव्हा त्याला मुंबईच्या संघटनेकडून ना-हरकत मागावी लागली. ती मिळाली, आणि पुढे त्याचाच विचार बदलला. तो कसोटीपटू, त्याचं निभावलं. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा एकोणीस वर्षांच्या पोराच्या अर्जाला तितकीच किंमत मिळायला हवी.

पोर्टलच्या विरोधातली एक तक्रार मात्र मला खरी वाटते. लहान कॉलेजचा कोच दुर्लक्षित मुलगा हेरतो, दोन वर्षं त्याला घडवतो, आणि तो चमकला की मोठं कॉलेज त्याला घेऊन जातं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, तेव्हापासून ही ओढ वाढली आहे. त्या कोचचं दुःख मला कळतं. पण त्याच्या कष्टांची भरपाई मुलाचं एक वर्ष जप्त करून होऊ नये. हवं तर मोठ्या कॉलेजने लहान कॉलेजला मोबदला द्यावा.

मला राग येतो तो पोर्टलच्या दुसऱ्या अंगाचा. नाव चढवताना ते कारण विचारत नाही, तसंच पुढे काय झालं हेही विचारत नाही. नोंद झाली की आधीच्या कॉलेजला त्या सत्राच्या अखेरीस शिष्यवृत्ती बंद करता येते, संघातली जागाही भरून टाकता येते. हर्ट्स आणि विल्यम्सचे फोन थांबत नाहीत. दुसऱ्या फळीतल्या मुलाचा फोन वाजतच नाही. त्याची जुनी जागा गेलेली, नवी मिळालेली नाही, आणि वर कॉलेज बदलताना आधीच्या विषयांचे काही क्रेडिट वाया जातात ते वेगळंच. म्हणजे जुना कोच दार अडवायचा, आणि आता कुणी दार अडवत नाही, पण मूल बाहेर पडलं की मागून कडी लागते.

ती कडी काढता येईल. नवी जागा मिळेपर्यंत, नाहीतर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, जुन्या कॉलेजने शिष्यवृत्ती चालू ठेवावी, आणि माघार घेणाऱ्याला वर्गातली आणि वसतिगृहातली जागा परत द्यावी. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार एकेका कॉलेजला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर खेळाडूंना थेट देता येतात. इतकी रक्कम उभी करणाऱ्या विद्यापीठांना एका मुलाची सहा महिन्यांची फी जड जाणार नाही.