शेपूट तेवढं कापायचं

लाईट गेली आणि डाउनलोड मधेच तुटलं, तर ती फाइल ठेवायची नाही. डिलीट मारून पहिल्यापासून उतरवायची. हे मत मी बरीच वर्षं बाळगलं आणि दुकानात येणाऱ्या पोरांनाही ठणकावून सांगितलं. आता ते सोडलंय. पण ते धरलं का होतं हेही सांगायला हवं, कारण त्यामागे अनुभव होता.

केंदूरला माझं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान. जोडीला, जुने रेंगाळणारे कॉम्प्युटर कुणी आणले तर त्यांवर उबंटू लिनक्स टाकून देतो. उबंटू 24.04 ची आयएसओ फाइल साधारण सहा जीबीची. माझ्या लाइनला वेग मिळतो चार एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. काही विघ्न आलं नाही तरी साडेतीन तास गेले. आणि विघ्न येतंच. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. आली की कांद्याला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर लोड येतो, एखादा फ्यूज उडतो. वळवाचं वारं सुटलं तर विचारायलाच नको. शेजारी पाबळला, डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, 2002 पासून फॅब लॅब आहे. म्हणजे नव्या तंत्राचं आमच्या भागाला वावडं नाही. चार तास सलग लाईट मिळाली की झालं.

तर अशीच एक तुटलेली फाइल मी लाईट आल्यावर पुढं चालू केली. पूर्ण झाली, आकार बाइट न बाइट जुळला, पेनड्राइव्हवर चढवली, आणि इन्स्टॉल मधेच अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तेव्हापासून अर्धवट फाइल म्हणजे नासकी फाइल, हे डोक्यात पक्कं बसलं.

मत हललं ते तशीच एक फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून बघितली तेव्हा. ओळीच्या ओळी आकडे आणि अक्षरांची सरमिसळ, आणि मधेच एका ठिकाणी नुसती शून्यं. स्क्रोल करत गेलो, शून्यंच. मग एकदम पुन्हा नेहमीची सरमिसळ सुरू. नासका भाग होता तेवढाच, आणि तो होता नेमका लाईट गेली त्या जागी. त्याच्या आधीचा माल ठणठणीत, नंतरचाही ठणठणीत.

असं होतं कारण स्क्रीनवर ‘3.1 जीबी झाले’ दिसतं तेव्हा तेवढं डिस्कवर गेलेलं असतंच असं नाही. आलेला माल आधी मेमरीत थांबतो. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला तीसेक सेकंद. तेवढ्यात लाईट गेली की मेमरी पुसली जाते. फाइलची लांबी मात्र काही वेळा आधीच नोंदलेली असते, आणि आतली जागा शून्यांनी भरलेली निघते. पुढं डाउनलोड चालू करणारा प्रोग्रॅम फक्त लांबी बघतो आणि तिथून पुढचं मागतो.

आता हिशोब करा. सेकंदाला अर्धा एमबी, तीस सेकंद: पंधरा एमबी. मी पंधरा एमबीच्या संशयावरून तीन जीबी फेकत होतो. चाळीत कांद्याला ओल लागली तर तेवढे कांदे निवडून काढतो. सगळी चाळ उकिरड्यावर कुणी नेत नाही.

म्हणून आता शेपूट तेवढं कापतो. ट्रंकेट नावाची छोटी कमांड आहे, तिनं शेवटचे पन्नास एमबी उडवायचे, सढळ हातानं. मग डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रॅमला ‘मायनस सी’ देऊन पुढं चालू करायचं. तो सर्व्हरला सांगतो, अमुक बाइटपासून पुढचं दे. ही सोय एचटीटीपीच्या 1.1 आवृत्तीत, 1997 पासून आहे. उत्तर 206 आलं तर सर्व्हर कबूल. 200 आलं तर गडी पहिल्यापासूनच द्यायला निघालाय. नाव तेच आणि आतला माल नवा, अशी रोज बदलणारी फाइल असेल तर मात्र हा उद्योग करू नये. दोन वेगळ्या फाइलींची गाठ बसते.

शेवटी एसएचए-256 तपासायचं. उबंटूवाले फाइलीशेजारीच तो चौसष्ट अक्षरांचा ठसा देतात. जुळला की मग फाइल कितीदा तुटली याला काही अर्थ उरत नाही. आकार जुळला म्हणजे झालं, असं मी आता कुणालाही म्हणू देत नाही.

लॅपटॉपवाल्यांना एवढंही करावं लागत नाही. तिथं लाईट गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहतो, आणि मेमरीतलं सगळं सावकाश डिस्कवर उतरतं. शेपूट धडधाकट असतं. मी या दोन तऱ्हा वर्षानुवर्षं एकाच मापानं मोजत आलो.

आणखी एक मत यात वाहून गेलं. टॉरेंट म्हणजे चोरून सिनेमे बघायचं साधन, असं मी पोरांना बजावायचो. उबंटू स्वतःच टॉरेंट देतं हे मला माहीत होतं, तरी. ब्रॅम कोहेननं 2001 मध्ये काढलेली ही पद्धत फाइलीचे बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा ठसा ठेवते. लाईट आल्यावर ‘फोर्स रीचेक’ म्हटलं की ती स्वतःच सगळे तुकडे तपासते आणि नासके तेवढे पुन्हा मागवते. हेक्स एडिटर नको, कात्री नको. सहा जीबीसाठी मी आता पोरांना आधी हेच सांगतो, आणि ‘काका, तुम्हीच तर नको म्हणाला होता’ हे ऐकून घेतो.

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा, हे माझं मत आधीपासून होतं आणि आहे. आणि सातबाऱ्यासारखी मागितल्यावर तयार होणारी, काही शे केबीची पीडीएफ अर्ध्यात तुटली, तर ती मी आजही सरळ डिलीट मारून पुन्हा काढतो. कमांड टाइप होईस्तोवर नवी उतरलेली असते.