शेत पाहिजे का नको?

परवा संध्याकाळी मावशीचा फोन. "अरे, पोरीच्या स्कॉलरशिपला शेत लागतं का रे? आपल्याकडं कुठंय शेत!"

मावशी दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. फॉर्मची शेवटची तारीख नेमकी तीच. मी स्क्रीनशॉट मागवला. लाल अक्षरात एकच ओळ, इंग्रजीत: 'द बेन्फ अॅक नो फील्ड इज रिक्वायर्ड.' बारावीतल्या पोरीनं शाळेत शिकवलं तसा अर्थ लावला होता. नो म्हणजे नाही, फील्ड म्हणजे शेत, रिक्वायर्ड म्हणजे पाहिजे. हसू नका. तिचं कुठं चुकलं ते सांगा.

मी पोटासाठी असेच फॉर्म बनवतो, म्हणून मला कळलं. 'बेन्फ अॅक नो' म्हणजे लाभार्थ्याचा खाते क्रमांक. कुणीतरी डेटाबेसमध्ये घाईत ठेवलेलं नाव. लारावेलसारखं फ्रेमवर्क त्यातले अंडरस्कोअर काढून मोकळी जागा सोडतं आणि तेच नाव माणसापुढं ठेवतं. हे टाळायला त्यात 'अॅट्रिब्यूट्स' नावाची यादी असते. तिथं त्या नावासमोर 'बँक खाते क्रमांक' लिहिलं की संदेशात तेच दिसतं. एका रकान्याला एक ओळ, बस्स! ती कुणी लिहिली नव्हती.

पासबुक बघून नंबर भरला, फॉर्म गेला. मावशीनं फोन केला म्हणून. नसता केला तर 'शेतवाल्यांसाठीच असेल' म्हणून सोडून दिला असता.

रात्री माझ्याच एका प्रोजेक्टची फाइल उघडली. यादी रिकामी! संदेश मात्र मराठीत केले होते आणि त्याचं कौतुकही करून घेतलं होतं. म्हणजे लोकांना दिसत होतं, 'डीओबी भरणे आवश्यक आहे.'

भरायला बसलो. मराठीत आणखी एक भानगड, लिंगाची. साच्यात 'चुकीचा आहे' ठेवलं तर 'पत्ता' बसतो, पण 'जन्मतारीख चुकीचा आहे' होतं. इंग्रजीला हा त्रास नाही. शेवटी साचाच बदलला: 'जन्मतारीख हा रकाना पुन्हा तपासा.' आता कुठलंही नाव बसतं.

अडलो ते 'नॉमिनी'पाशी. 'नामनिर्देशित व्यक्ती' कोण वाचणार? 'वारस' लिहावं तर कायद्यात नॉमिनी वेगळा आणि वारस वेगळा. सकाळी मावशीलाच विचारलं.

"आमच्या बँकेत समदी नॉमिनीच म्हणत्यात की. चहा घेतलास का?"

'नॉमिनीचे नाव' लिहिलं. अजून एकोणीस रकाने राहिलेत.