अन्वय

लॅटिन यायची तर लहानपणीच यायची, असं इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या मानलं जाई. शाळेत 'मेन्सा, मेन्सा, मेन्साम' घोकलेलं नसेल तर ऑक्सफर्ड-केंब्रिजचं दार बंद. रसायनशास्त्र शिकू पाहणाऱ्यालाही प्रवेशासाठी लॅटिनची परीक्षा द्यावी लागे. ही अट १९६०मध्ये गेली. मग शाळांमधून लॅटिन ओसरत गेली आणि ती पहिल्या धड्यापासून शिकवण्याचं काम विद्यापीठांवर आलं. केंब्रिजमध्ये आज लॅटिन अजिबात न येणाऱ्यांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. ऐन विशीत, मिसरूड फुटल्यावर, एखाद्या भाषेचं पहिलं रूप म्हणायला बसणं यात एक वेगळंच सुख आहे. मी स्वतः असाच उशिरा आलेल्यांपैकी.

अशा नवख्यांच्या हाती बऱ्याच ठिकाणी पडतं ते पीटर जोन्स आणि कीथ सिडवेल यांचं, १९८६ साली निघालेलं 'रीडिंग लॅटिन'. त्याची सुरुवात होते प्लॉटसच्या एका विनोदी नाटकाने. युक्लिओ नावाच्या कंजूष म्हाताऱ्याला घरात पुरलेलं सोन्याचं मडकं सापडतं आणि त्याची झोपच उडते. शेजारी नमस्कार का करतोय? ही म्हातारी दासी इथे का घुटमळतेय? तिला तो घराबाहेर हाकलतो, परत बोलावतो, पुन्हा दमात घेतो. नाटक आहे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचं, आणि त्याचा शेवट काळाच्या ओघात हरवलेला. कर्ता कुठला नि कर्म कुठलं एवढंच जेमतेम कळू लागलेलं असतं, तरी त्या म्हाताऱ्याची तगमग थेट पोचते आणि अख्खा वर्ग हसतो. व्याकरणाचे तक्ते पुढे महिनोन्‌महिने पाठ करावे लागतात. ते या हसण्याच्या बळावर होतात.

शाळेत 'रामः रामौ रामाः' म्हटलेल्या मराठी माणसाने विभक्तीचं भय बाळगू नये. लॅटिनमध्ये द्विवचन नाही. नेहमीच्या वापरातल्या विभक्त्या सहाच, कारण आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी तिथे एकाच विभक्तीत येऊन राहिल्या आहेत. 'तलवारीने', 'शहरातून' आणि 'शहरात' यांतलं नेमकं काय, हे नामाआधीचं अव्यय आणि संदर्भ ठरवतात. ज्याला सति सप्तमी ठाऊक आहे, त्याला 'शहर पडलं असता', 'दूत परतले असता' अशी सीझरच्या युद्धवर्णनात पावलोपावली येणारी रचना समजावून सांगावीच लागत नाही. लॅटिनमध्ये ती फक्त वर सांगितलेल्या एकत्रित विभक्तीत असते. इतक्या लांबच्या भाषेत असं ओळखीचं माणूस भेटलं की मन भरून येतं.

दमछाक होते ती मधल्या टप्प्यावर. पाठ्यपुस्तक संपलेलं असतं आणि समोर खराखुरा सिसेरो असतो. अर्ध्या पानाचं एक वाक्य, त्यात उपवाक्यांच्या पोटात उपवाक्यं, आणि क्रियापद पार शेवटी. शिक्षक सांगतात, आधी क्रियापद गाठा, मग त्याचा कर्ता, मग बाकीच्यांना आपापल्या जागी बसवा. आपण याला अन्वय लावणं म्हणतो. मोरोपंतांची आर्या ज्याने शाळेत सोडवली आहे त्याला हे काम नवं नाही. संध्याकाळ जाते, कोशाची पानं उलटली जातात, आणि वहीत दहा ओळी सुटलेल्या असतात. पुष्कळजण इथेच लॅटिनला रामराम ठोकतात. त्यांनी आणखी थोडं थांबावं, असं मला कळकळीने वाटतं, कारण पुढे अन्वय लावणंच सुटत जातं.

होरेसच्या पहिल्या ओडसंग्रहात पाचवी कविता आहे पिऱ्हा नावाच्या मुलीवर. तिच्या पहिल्या ओळीत त्या मुलीला उद्देशून आलेलं सर्वनाम मधोमध ठेवलेलं आहे. त्याच्या एका अंगाला 'सडपातळ', दुसऱ्या अंगाला 'मुलगा'. त्याच्याही बाहेर एका टोकाला 'पुष्कळ', दुसऱ्या टोकाला 'गुलाब'. मुलाच्या मिठीत मुलगी, दोघांभोवती गुलाब. अर्थ जसा आहे तशीच शब्दांची मांडणी. अन्वय लावला की हे चित्र मोडतं. ते दिसायला ओळ आहे तशी, डावीकडून उजवीकडे, प्रत्यय ऐकत वाचावी लागते. कोणत्याही भाषांतराला हे जमलेलं नाही, आणि जमणारही नाही.

व्हर्जिलची ओळ तर मोठ्याने म्हटल्याशिवाय कळतच नाही. सहा गणांच्या त्या वृत्तात पहिल्या चार गणांत दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, त्यामुळे ओळ हवी तशी धावते किंवा जड पावलं टाकते. मात्रावृत्तं कानात असलेल्याला हे चटकन उमगतं. 'ईनिड' त्याने पुरतं केलं नाही. इसवी सनापूर्वी १९ साली तो गेला. काव्यात पन्नासहून अधिक ओळी अर्ध्याच राहिल्या आहेत. वाचताना आवाज तिथे अडतो.

शेवटच्या वर्षात नजर पानाच्या तळाशी जाते, पाठभेदांकडे. कातुल्लुसच्या जवळजवळ सगळ्या कविता आपल्यापर्यंत आल्या त्या व्हेरोनात सापडलेल्या एकाच हस्तलिखितामुळे, आणि तेही आता नाही. उरल्या आहेत त्याच्या नकला, त्यांतल्या प्रमुख तीन ऑक्सफर्ड, पॅरिस आणि व्हॅटिकनमध्ये. त्या जुळवून मूळ शब्द ठरवायचा. हेच शास्त्र पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारतासाठी राबवलं गेलं. १९२५पासून त्या कामाची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिज आणि बर्लिन इथे शिकलेले होते. त्यांची आदिपर्वाची प्रस्तावना वाचलेला विद्यार्थी कातुल्लुसच्या तळटीपांपुढे बिचकत नाही.

ज्यांचं संस्कृत शाळेतच सुटलं आणि ज्यांना आता उशीर झाला असं वाटतं, त्यांना माझं सांगणं आहे: युक्लिओच्या मडक्यापासून सुरुवात करा. वय आड येत नाही. पहिली दोन वर्षं मात्र रोज बसावं लागेल.