पोटातली साक्ष

गिब्सन कंपनीने मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यातून १९४९ साली ईएस-१७५ ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. एका बाजूला टोकदार कापलेला खांदा, मॅपलच्या प्लायवूडचं अंग आणि पावणेपंचवीस इंचांच्या जवळपास तारेची लांबी, ही तिची ठेवण. जॅझ वादकांत ती फार चालली. त्यामुळे जुन्या नगांना भाव आला आणि भावामागोमाग लबाडीही.

पारख पोटापासून सुरू होते. एफ आकाराच्या फटीतून विजेरीचा झोत टाकला की पाठीला आतून चिकटवलेली चिठ्ठी दिसते. गिब्सनच्या १९४७ ते १९६१ या काळातल्या चिठ्ठ्यांवरचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो. पण चिठ्ठी सोलून दुसरीकडे चिकटवता येते. म्हणून लाकडावर शाईने उमटवलेला तुकडीचा शिक्का अधिक भरवशाचा. १९५२ पासून त्याच्या आरंभी वर्षाचं अक्षर असे, तेही उलट्या क्रमाने: १९५२ला ‘झेड’, १९५७ला ‘यू’.

पुढचा साक्षीदार आवाजाच्या बटणाखालचा पोटेन्शिओमीटर. दंतवैद्याचा छोटा आरसा फटीतून आत सरकवला की पोटेन्शिओमीटरच्या पाठीवरचे आकडे वाचता येतात. १३४७२२ म्हणजे सेंट्रलॅब कंपनी, १९५७ साल, बाविसावा आठवडा. हा भाग गिटारीपेक्षा थोडा जुना असू शकतो. नवा निघाला तर तो नंतर बदललेला. आतल्या वीजतारांच्या टोकांवरचा डाखही पाहावा. जुना डाख राखाडी आणि मंद दिसतो, नवा चकाकतो.

या मॉडेलवर हमबकर पिकअप १९५७ पासून आले. त्याआधी पी-९० असत. १९५४च्या गिटारीवर हमबकर असेल तर तो मागाहून बसवलेला. पिकअपखालचं ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं छापलेलं लेबल एकट्याने काहीच सिद्ध करत नाही, कारण तशी लेबलं नक्कल करून लावली जातात.

नायट्रोसेल्युलोज लॅकरला वयानुसार बारीक तडे जातात. अतिनील दिव्याखाली धरलं की नंतर मारलेला हात वेगळा उठून दिसतो. शेवटी मानेचा जोड: ब्रिज पार खाली आणूनही तारा उंचच राहत असतील, तर दुरुस्तीचा मोठा खर्च उभा आहे.

बदललेल्या भागांनी वाजवणाऱ्याचं काही अडत नाही. विकताना ते सांगावेत आणि भावातून वजा करावेत. चिठ्ठी, शिक्का, आकडे आणि डाख एकाच सालाकडे बोट दाखवत नसतील, तर मूळ नगाचा भाव देऊ नये.