एक्झोरास, काळ्या मातीतून

प्रिय एक्झोरा,

कोल्हापुरात बंगल्यांच्या कंपाउंडलगत, सोसायट्यांच्या फाटकाशी तू हमखास भेटतोस. नर्सरीतून येतोस तेव्हा पानं गर्द हिरवी आणि शेंड्यांवर लालभडक गुच्छ असतात. मग हळूहळू कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरचे म्हणतात, रोग पडला. शिरोळचा ऊसकरी मात्र बघताक्षणी सांगेल, हा केवडा.

त्याचं बरोबर आहे. चुनखडीच्या रानात उसाचं जे होतं, तेच तुझं होतं. मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) 8 कडे सरकला की मुळांना ते घेता येत नाही. तू दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा, कॉफीच्या कुळातला. तुला साडेपाच ते साडेसहा सामूची, निचऱ्याची माती मानवते. केरळात तुझ्या फुलांच्या माळा देवाला वाहतात, तिथली जांभ्याची जमीन तुझ्या सोयीचीच. इथे आम्ही तुला काळ्या चिकणमातीत, सिमेंटच्या भिंतीला चिकटवून लावतो. खड्ड्यात बांधकामाचा राडारोडा तसाच असतो, वरून बोअरचं क्षारयुक्त पाणी. कोणी मायेनं चुलीतली राख टाकतं, कोणी अंड्याची टरफलं. आधीच चुना जास्त, त्यात आणखी भर.

तांबडी माती जवळच आहे, पन्हाळ्याला आणि राधानगरीकडे. पण मसाई पठारावरून पोतं भरून आणणाऱ्यांना मला कळकळीनं सांगायचंय: कातळावरच्या त्या पातळ थरावर पावसाळ्यातली रानफुलं जगतात. तिथली माती तिथेच राहू द्या. नर्सरीतली तांबडी माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळलं की मोठ्या कुंडीत तुझं भागतं. जमिनीतच लावायचं तर भिंतीपासून दोन हात लांब आणि उंचवट्यावर, कारण जुलैच्या झडीत काळ्या मातीत पाणी तुंबलं की तुझी मुळं कुजतात. बुडाशी उसाचं पाचट पसरावं; ते जाळण्यापेक्षा तुझ्याखाली कुजलेलं केव्हाही चांगलं. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तमच.

केवडा पडलाच तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं. आधी एका फांदीवर करून बघावं. हिराकस नुसता मातीत टाकला तर चुनखडीत तो लवकरच अडकून पडतो. आधी पिवळी झालेली पानं पुरती सुधारतीलच असं नाही. नवी पालवी कशी येते ते पाहायचं.

उन्हाचंही सांगायला हवं. रोज चार-पाच तास ऊन नसेल तर तू नुसता पाला वाढवतोस. आणि ती कात्री! तुझे गुच्छ शेंड्यांवर येतात, हे माहीत असूनही कुंपण चौकोनी दिसावं म्हणून माळी महिन्या-महिन्याला तुझे शेंडे उडवतात. मला ते बघवत नाही. बहर ओसरल्यावर एकदा हलकी छाटणी पुरे. पावसाळ्यात वीतभर अर्धपक्व फांदीची खालची पानं काढून ती ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचली की दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात, म्हणजे नवी रोपं विकतही घ्यायला नकोत. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली तर पानाखाली मावा किंवा खवले कीड शोधावी. कडुनिंबाच्या तेलानं ती आटोक्यात येते.

तुझ्या फुलाची नळी लांब आणि अरुंद, तळाशी मध. त्यासाठी फुलपाखरं येतात, शिंजीर येतात. शहरातल्या भिंतींमध्ये त्यांना दुसरं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून तुझ्या पिवळ्या पानांचं मला इतकं वाटतं.

हे पत्र वाचणाऱ्या कोल्हापूरकरांना माझी विनंती: यंदा एक्झोरा लावण्याआधी खड्ड्यातला राडारोडा काढा, आणि पान पिवळं दिसलं की कीटकनाशकाची बाटली उघडण्याआधी माती तपासून घ्या.

तुझा,
एक कोल्हापूरकर