जेवण धरून की जेवण सोडून?

दादाचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांनी मिळून एक आकडा ठरवला. एकूण सहा लाख, निम्मे निम्मे. हिशेबाची वही माझ्याकडे आली. इंग्रजीत बी.ए. केलेल्या मुलीला हिशेब कशाला द्यावा, हे मला आजही कळलेलं नाही.

2022 ची दिवाळी होईपर्यंत वहीत पाच लाख ऐंशी हजार भरले होते आणि केटररला अजून एक पैसा दिलेला नव्हता. मी घाबरून आईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, जेवण कुठे धरलं होतं त्यात?"

वहिनीच्या बाबांनी मात्र धरलं होतं. ते निवृत्त आहेत. पोस्टातली ठेव मोडून त्यांनी बरोबर तीन लाख बाजूला काढले होते. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बघतो काय करता येतं." त्या "बघतो"ने मला रात्री झोप लागली नाही.

दादा फॉर्म्युला वनचा वेडा. त्याच आठवड्यात तो मोबाइलवर बातमी वाचून हसत होता. एवढ्या मोठ्या रेड बुल संघाला खर्चाच्या मर्यादेवरून दंड झाला होता. या शर्यतींत 2021 पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, त्या वर्षी 14.5 कोटी डॉलर. चालकांचे पगार, जाहिरात, प्रवास त्यात मोजत नाहीत. रेड बुलचा खर्च सुमारे 18.6 लाख पौंडांनी जास्त निघाला आणि हिशेबातल्या ज्या चुका नियामक संस्था एफआयएने दाखवल्या, त्यांत चक्क खानपानाचा खर्चही होता!

"म्हणजे आपण रेड बुल आहोत," मी म्हटलं. दादाचं हसू थांबलं.

संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर सांगत होते की, या पैशाचा शर्यतीत काहीच फायदा झाला नाही. हेतू वाईट होता असं एफआयएनेही म्हटलं नाही. तरी 70 लाख डॉलर दंड झाला आणि वायुगतिकीच्या चाचण्यांत वर्षभर 10 टक्के कपात. मॅक्लारेनच्या झॅक ब्राउन यांनी तर आधीच पत्र लिहून अशा जादा खर्चाला फसवणूक म्हटलं होतं. पुढच्या वर्षी रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या, तेव्हा शिक्षा किती झोंबली ते तुम्हीच ठरवा.

पण मला लागली ती दादाने सांगितलेली जुनी गोष्ट. 2009 मध्ये एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी 4 कोटी पौंडांची मर्यादा मांडली. फेरारीसारखे मोठे संघ भडकले, स्वतःची वेगळी स्पर्धा काढायला निघाले. जूनमध्ये तडजोड झाली आणि मर्यादा बारगळली. मोठ्यांचं भागलं. पण खर्च आवाक्यात राहील या भरवशावर अर्ज केलेले छोटे नवे संघ 2010 मध्ये अमर्याद खर्चाच्या शर्यतीत उतरले. त्यांतलाच एक एचआरटी. आपले करुण चंढोक आणि नारायण कार्तिकेयन या संघाकडून धावले. 30 ऑक्टोबर 2011 ला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा कार्तिकेयन याच गाडीत होता. दादा अकरावीत होता, टीव्हीसमोरून हललाही नव्हता. 2012 नंतर तो संघ बंद पडला.

मला एकदम वहिनीचे बाबा दिसले, हातात पोस्टाचं पासबुक घेतलेले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी आणि दादा त्यांच्या घरी गेलो. आईलाही नेलं, जरा ओढूनच. पाहुणे साडेतीनशेवरून दोनशेवर आणले, बँडबाजा काढला. आमच्या आत्या अजून त्यावरून बोलत नाहीत, तो भाग वेगळा. जेवणाची ओळ वहीत सगळ्यांत वर लिहिली आणि तो खर्च आमच्याकडे घेतला.

निघताना काका चष्मा पुसत वहीत डोकावले आणि म्हणाले, "बाळा, सकाळचा नाश्ता यात आला ना?"

मी पेन पुन्हा उघडलं.